खडीवरचे विणकर

सोलापूर

सोलापूरच्या फलाटावर मी उतरलो आणि माझ्या तीन पेट्यांपैकी एक गाडीतच राहून गुलबर्ग्याच्या दिशेने निघून गेली. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी उरलेल्या दोन पेट्यांवर हात ठेवून उभा होतो. हमाल म्हणाला, "येतीय की परत. कुटं जातीय?" आणि दोन्ही पेट्या उचलून चालू लागला.

त्या पेट्यांत सुटा केलेला माग होता. मी गुहागरकडचा. आमच्या घरात कुणी कधी धोटा हातात धरला नव्हता. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर वडिलांनी मला सरकारी विणकामशाळेत घातले, आणि तिथे मात्र माझा जीव रमला. शिकून मी तिथेच शिक्षक झालो. मंदीच्या त्या वर्षांत सरकारने सोलापूरच्या हातमागवाल्यांसाठी मदतीची योजना काढली, तेव्हा सुधारलेला माग दाखवायला आणि योजनेची नावे निवडायला मला धाडले. आईला कळवले, तर तिचे उत्तर आले की तिकडे मासे मिळत नाहीत म्हणतात, तब्येत सांभाळ. आईसारखीच माझ्या गावातली बहुतेक माणसे घाट चढून कधी गेलेली नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ऊन. आपल्याकडे उन्हाला घाम असतो. इथे घाम यायच्या आतच वाळतो आणि कातडीवर मिठाची रेघ उमटते. फाल्गुन अजून सरला नव्हता, तरी दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. जमीन काळी, भेगाळलेली, आणि नजर जाईल तिथवर सपाट. डोंगर नाही, माड नाही, डोळ्याला टेकायला जागा नाही. पहिल्या दोन दिवसांत मला कुठेच बसवेना. उतरलो होतो त्या लिंगायत बाईंच्या खाणावळीत जेवायला बसलो, तरी अर्ध्या भाकरीवर उठून दारात येऊन उभा राही. बाई मागून म्हणत, "ऊटा माडरी, मास्तर, आधी जेवा की," आणि ताटात आणखी एक भाकरी ठेवत. ती भाकरी कागदासारखी पातळ आणि खापरासारखी कडक. बरोबर तेल सुटलेली शेंगांची चटणी. भातावाचून दोन दिवस काढणे मला जमेलसे वाटले नव्हते, पण ती भाकरी मोडताना होणारा आवाजसुद्धा मला आवडू लागला.

तिसरी पेटी येईपर्यंत माग उभा होणार नव्हता. म्हणून मी साखर पेठेकडे भटकायला गेलो. तिथे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची वस्ती. शाळेत आमचे गुरुजी सांगत की त्या पेठेत शिरले की धोट्यांच्या आवाजाने बोलणे ऐकू येत नाही. मला माझ्या वहाणांचा आवाज ऐकू येत होता. दारे उघडी, आत जमिनीत खड्डा, खड्ड्यावर माग, आणि मागावर काही नाही. काही घरांत तर मागाच्या लाकडावर भांडी पालथी घातलेली.

एका दारात एक म्हातारा बसला होता. त्याला विचारले, "माग का बंद, बाबा?"

"सावकार सूत देईना," तो म्हणाला. "दुकानात लुगडी पडल्यात छतापतुर. नवं लुगडं कोन घेतंय आता? जुन्यालाच ठिगळ लावत्यात."

"मग बाकीची माणसं कुठं गेली?"

"खडीला."

मला आधी कळेना. मग त्याने सांगितले. पावसाने दगा दिला होता आणि त्यात मंदी. गिरण्यांनी माणसे कमी केली, सावकारांनी सूत बंद केले. तेव्हा सरकारने मंगळवेढ्याच्या रस्त्यावर खडी फोडण्याचे काम उघडले. जो येईल त्याला काम, आणि संध्याकाळी मजुरी. ज्यांच्या घरात काहीच उरले नव्हते ते विणकर बायको घेऊन तिकडे गेले. ज्यांच्याकडे थोडेफार धान्य, एखादा दागिना होता ते घरात थांबले. त्यानंतर दोन महिन्यांनी आमची योजना आली. सरकारने सूत द्यायचे, विणकराने घरच्या मागावर लुगडे विणायचे, आणि सरकारने ते परत घेऊन मजुरी द्यायची. विणकराने दगड फोडू नये, विणावे, असा त्यातला चांगला विचार.

परीक्षा

योजनेत खोटी माणसे घुसतील, नीट पारखून घ्या, असे आमच्या मुख्य गुरुजींनी निघताना बजावले होते. त्यामुळे परीक्षा ठरली. एका जुन्या गोदामात दोन खड्ड्याचे माग मांडले. उभ्या धाग्यांचा, रेशमी काठाचा ताणा तयार करून घेतला. प्रत्येकाने माझ्यासमोर तासाभरात एक हात कापड विणून दाखवायचे. विणले तर यादीत नाव, नाही तर नाही. मामलेदार कचेरीतला एक कारकून नावे लिहायला दिला होता.

पहिल्या दिवशी पेठेतली बरीच माणसे आली आणि भराभर पास झाली. तीन जण खरोखरच खोटे निघाले, आणि माझी परीक्षा कामाला आली म्हणून मला बरेही वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक वाकलेला, पन्नाशीचा माणूस येऊन उभा राहिला. मागे त्याची बायको. दोघांच्या अंगावर, केसांत, पापण्यांतसुद्धा दगडाची पांढरी भुकटी. कारकून माझ्या कानाशी म्हणाला, "हा राजय्या. काठ विणावा तर ह्यानं. खडीवरनं चार कोस चालत आलाय."

राजय्याने दारातल्या मडक्यातून पाणी घेऊन हात धुतले, धोतराला पुसले, मागाला नमस्कार केला आणि खड्ड्यात उतरला. पाय पेडलवर ठेवण्याची त्याची रीत पाहूनच मला कळले की मला ह्याच्याकडून शिकायला हवे. त्याने धोटा टाकला. मधले सुती कापड सुरेख निघाले. मग तो काठाकडे आला. काठाच्या रेशमाला बोट लागले आणि धागा त्याच्या कातडीला अडकला. त्याने हळूच सोडवला. पुढचा अडकला आणि तुटला. त्याने सांधला. सांधताना शेजारचे दोन तुटले.

मी जवळ जाऊन त्याचे हात पाहिले. बोटांची पेरे उभी चिरलेली, चिरांच्या कडा वाळून काट्यासारख्या झालेल्या. डाव्या हाताची तीन नखे काळी पडलेली. अशा हाताने कांबळेसुद्धा ओढले तर अडकेल.

तास भरला तेव्हा चार बोटे कापड झाले होते आणि काठ पिंजून निघाला होता. कारकुनाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने नापास लिहिले.

राजय्या उठला. खड्ड्यातून वर आला, बसायची जागा हाताने झाडली आणि बाहेर पडला. बायको मात्र दारात थांबली. तिचे नाव नरसम्मा.

"मास्तर," ती म्हणाली, "त्याला इनता येतंय."

"मला दिसलं, बाई. पण परीक्षेत एक हात व्हायला पाहिजे."

"हात बरा झाला की व्हतंय."

"मग हात बरा झाल्यावर या."

"खडी सोडली तर खायाचं काय? खडी केली तर हात बरा हुईना." एवढे बोलून ती नवऱ्याच्या मागे गेली.

त्या दिवशी मी आणखी पाच जणांची परीक्षा घेतली. ती कशी घेतली हे आज विचाराल तर मला आठवत नाही.

मामलेदार कचेरी

संध्याकाळी मी मामलेदारांकडे गेलो. गृहस्थ धारवाडकडचे, दम्याने बेजार, बोलताना मध्ये थांबून श्वास घेणारे. त्यांच्यापुढे पाण्याच्या टाक्या, वैरण, छावणीतला कॉलरा असे कागदांचे डोंगर होते. मी म्हणालो, "रावसाहेब, खडीने ज्यांचे हात फाटले त्यांना परीक्षेत काही सवलत देता येईल का?"

"ते तुमच्या खात्याचं, मास्तर," ते म्हणाले. "मला विणकामातलं काय कळतंय? तुमची सही बघून मी सूत देतो. यादी मात्र तुम्ही इथं आहात तोवर उघडी. तुम्ही गेलात की बंद."

एवढे मला पुरे होते. माझे येणे-जाणे मागाच्या प्रात्यक्षिकावर अवलंबून होते, प्रात्यक्षिक तिसऱ्या पेटीवर, आणि पेटी गुलबर्ग्याला. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टेशनातला पार्सलबाबू रस्त्यात भेटला. म्हणाला, "मास्तर, पेटी आली की तुमची."

"राहू दे अजून," मी म्हणालो. "जागा नाही."

शाळेला लिहिले की पेटीचा पत्ता लागत नाही. मी आयुष्यात लिहिलेले हे पहिले खोटे सरकारी पत्र. ते टाकून टपालपेटीजवळून परत फिरताना माझे पाय इतके भरभर पडत होते की कुणी पाठलाग करतो आहे असे बघणाऱ्याला वाटावे.

छावणी

भाड्याची सायकल घेऊन मी खडीच्या कामावर निघालो. सीना नदीच्या अलीकडे ते काम चालले होते. तीन कोसांवर बाभळीचा काटा चाकात गेला आणि उरलेला कोस मी सायकलला धरून नेले. वाटेत एका गाडीवानाने विचारले, "सायकल आजारी पडली व्हय?" आणि हसत पुढे गेला. त्याला थांबवून गाडीत बसावे हे मला तो लांब गेल्यावर सुचले.

छावणी म्हणजे तट्ट्यांच्या झोपड्यांच्या लांबच लांब ओळी. एका टोकाला धर्मार्थ स्वयंपाकघर, तिथे म्हातारी आणि लहान मुले कण्यांची आंबील पीत बसलेली. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग. पुरुष उकिडवे बसून हातोड्याने दगड फोडत होते, बायका पाट्यांतून खडी वाहत होत्या. आमच्याकडे जांभा दगड कुऱ्हाडीनेसुद्धा तासता येतो. हा काळा दगड हातोड्याला उलट मारत होता. प्रत्येक घावाला कपच्या उडत, आणि माणसे डोळे मिटून घाव घालत.

राजय्या सापडला. त्याच्याच रांगेत विणकरांची आणखी अकरा घरे होती. ती परीक्षेला आलीच नव्हती.

"का आला नाहीत?" मी विचारले.

एक जण म्हणाला, "राजय्या नापास झाला मास्तर. मग आमी कशाला चालायचं चार कोस?"

माझ्याजवळ एक वस्तू होती. आपल्याकडे टाचांच्या भेगांना कोकमाचे तेल लावतात. आईने त्याचा मुठीएवढा गोळा माझ्या पिशवीत बांधून दिला होता. तो मी राजय्याला दिला आणि सांगितले, "रोज गरम करून भेगांत भरा. पण दहाबारा दिवस हातोडा धरायचा नाही. मी तोवर इथून हलत नाही."

"हातोडा कोन धरंल?" राजय्या म्हणाला.

"मी," नरसम्मा म्हणाली.

राजय्या तेलुगूत काहीतरी बोलला. "ऊरुको" एवढा शब्द मला कळला, गप राहा असा त्याचा अर्थ. ती गप राहिली नाही. तिने आपली रिकामी पाटी त्याच्या पुढ्यात ठेवली, त्याचा हातोडा उचलला आणि ढिगाशी बसली.

रामा मुकादम धावत आला. "ए बाई, ऊठ. हातोडा बाप्यांचा, पाटी बायांची. आमचं काम ठरलंय तसं."

"काम म्हंजे खडी," ती म्हणाली. "सांजंला ढीग बघा. कमी भरला तर उठवा."

मुकादमाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बघू द्या तिला एक दिवस."

"माझ्यावर येऊ नये म्हंजे झालं," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून गेला.

राजय्याने पाटी डोक्यावर घेतली. आजूबाजूचे लोक हसले. पुरुषमाणूस पाटी घेऊन बायकांच्या ओळीत चालला होता. तो मान खाली घालून चालत राहिला.

त्यानंतरचे बारा दिवस मी सोलापुरात स्वस्थ असा एक तासही बसलो नाही. सकाळी गोदामात परीक्षा, दुपारी सायकलवर छावणी. पेठेतल्या बायका धाग्याला खळ कशी देतात ते पाहिले. आमच्याकडे पेज माणसे पितात, इथे आधी धाग्याला पाजतात. एका घरी लग्न होते. तेलुगू, मराठी आणि कानडी अशी तिन्ही भाषांतली गाणी एकापाठोपाठ ऐकली आणि पंगतीत भात वाढला, तेव्हा मी जरा जास्तच जेवलो. पण कुठेही असलो तरी नरसम्माच्या हातातला हातोडा दिसे. दर खेपेला मी जाई तेव्हा ढीग भरलेला असे. हातांना फडकी गुंडाळून घेतलेली असत. मी विचारले की म्हणे, "त्याचा हात बघा." आणि त्याचा हात खरोखरच सुधारत होता. चिरा भरून आल्या होत्या, कडा मऊ पडल्या होत्या.

तेराव्या दिवशी राजय्या गोदामात आला. ह्या खेपेला अंगावर भुकटी नव्हती. खड्ड्यात उतरला आणि विणू लागला. तास भरायला पाव तास उरला असताना त्याने एक हात पुरा केला होता. काठ असा आला होता की कारकून उठून बघायला गेला. मी माझ्या हाताने यादीत नाव लिहिले. सुताच्या लड्या त्याच्या हवाली केल्या. नरसम्मा भिंतीशी उभी होती. तिने लड्या घ्यायला हात पुढे केले आणि लगेच पदराखाली घेतले. राजय्यानेच त्या काखेत धरल्या.

कारकून सहज बोलून गेला, "आता कांड्या कोण भरणार?"

कापड विणताना आडवा धागा ज्या नळीवरून सुटतो ती कांडी. ती रहाटावर भरायची, ताण्याचे तुटलेले धागे सांधायचे, हे सगळे घरच्या बाईचे काम. यादीत नाव एकाचे असते, पण माग दोघांच्या हातांनी चालतो. हे मी शाळेत मुलांना शिकवले होते.

पुन्हा कचेरी

राजय्या पास झाल्याची बातमी छावणीत पोचली. दुसऱ्या दिवशी रामा मुकादमच शहरात कामाला आला होता, तो मला शोधत आला. म्हणाला, "मास्तर, ती बाकीची घरं इचारत्यात, आता त्यांच्या बायांनी पन हातोडा धरायचा का?"

मी तडक मामलेदारांकडे गेलो. त्यांना सगळे सांगितले. पेटीचे खोटेसुद्धा सांगितले, कारण त्याच दिवशी शाळेची तार आली होती, ताबडतोब निघून ये म्हणून. मी म्हणालो, "रावसाहेब, हा नियम बदलायला वर लिहा. तोवर यादी उघडी ठेवा. मी शाळेला काय ते सांगेन."

ते बराच वेळ खोकले. मग कारकुनाला म्हणाले, "तो हुकूम आण."

हुकूम आला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"ह्यात परीक्षा कुठं आहे मास्तर? मला दाखवा."

मी वाचले. त्यात एवढेच होते की मदत मागणारा खरोखर विणकर आहे अशी विणकामशिक्षकाने आपली खात्री करून घ्यावी. एक हात कापड नव्हते. एक तास नव्हता. रेशमी काठ नव्हता. ते सगळे मीच ठरवले होते. गुरुजींनी पारखून घ्या म्हटले, मी पहिल्या रात्री खाणावळीत बसून परीक्षा आखली, आणि दोन दिवसांत ती मला सरकारचा नियम वाटू लागली. ह्याच हुकुमाची प्रत माझ्या पिशवीत आल्या दिवसापासून होती.

"तुम्हाला राजय्या विणकर आहे हे कधी कळलं?" मामलेदारांनी विचारले.

"त्यानं पेडलवर पाय ठेवला तेव्हाच."

"मग तेव्हाच सही करायची."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरे झाले असते.

तिथून मी सायकल काढली ती थेट छावणीवर. ऊन डोक्यावर होते. अकरा घरांपैकी एक घर चार दिवसांपूर्वीच भिवंडीकडे निघून गेले होते. ते कुठे राहतात हे कुणाला माहीत नव्हते. उरलेल्या दहांना मी झाडाखाली बोलावले आणि प्रत्येकाला दोन दोरे देऊन सांगितले, गाठ मारा. विणकराची गाठ वेगळी असते, ती पाहिल्यावर दुसरे काही पाहावे लागत नाही. फाटक्या बोटांनी दहाही जणांनी ती डोळे मिटूनही जमेल अशा सफाईने मारली. मी दहाही कागदांवर सह्या केल्या. एक म्हातारी बाई मला विचारत होती, "आन् परीक्षा?" मी म्हणालो, "झाली."

पेटी त्याच दिवशी सोडवून आणली. माग उभा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या लोकांना दाखवला. दोरी ओढली की धोटा आपोआप धावतो, हे सगळ्यांनी कौतुकाने पाहिले. राजय्याही आला होता. त्याने दोरी दोनदा ओढून पाहिली.

"चांगला हाय," तो म्हणाला. "जलद हाय. पर सूत सरकारचं किती दिवस?"

ह्याचे उत्तर हुकुमात नव्हते. मी तो दुसऱ्यांदा नीट वाचला होता.

साखर पेठ

माझी गाडी दुपारची होती. निघण्यापूर्वी मी राजय्याच्या घरी गेलो. जाऊ नये असे पाय सांगत होते, पण ज्या बाईने बारा दिवस माझ्या शब्दावर दगड फोडले तिला खरे काय ते न सांगता गाडीत बसणे मला जमले नसते.

घर एका खोलीचे. राजय्या खड्ड्यात बसून ताणा लावत होता. नरसम्मा रहाटाशी बसली होती, पण रहाट फिरत नव्हता. तिने हातांवरची फडकी सोडली होती. राजय्याचे हात मी पाहिले होते, त्याहून हे वाईट होते. उजव्या हाताचे पहिले बोट वाकत नव्हते. पुढ्यातल्या लडीचे सूत तिच्या बोटांना जागोजाग चिकटून लोंबत होते. शेजारच्या दोन बायका कांड्या भरून द्यायला सकाळी येऊन गेल्या होत्या, पण त्यांच्याही घरी माग सुरू झाले होते.

मी उभ्यानेच सांगितले. परीक्षा सरकारची नव्हती, माझी होती. हुकुमात फक्त खात्री करायला सांगितले होते. पहिल्या दिवशीच मी सही करू शकत होतो. तिने हातोडा धरायची गरज नव्हती.

राजय्याचे हात ताण्यावर थांबले.

नरसम्माने विचारले, "तुमच्यापाशी कागद व्हता?"

"होता."

"वाचला न्हवता व्हय?"

"वाचला होता. नीट वाचला नव्हता."

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले. बाहेर कुठेतरी एक माग चालू झाला होता, त्याचा आवाज येत होता. मला वाटले ती रडेल किंवा मला जायला सांगेल. कोकमाचे तेल मागवून पाठवतो, असे काहीतरी मी पुटपुटलो.

"गाडी कदी हाय?" तिने विचारले.

"दुपारी."

"मग येळ हाय." तिने रहाट माझ्याकडे सरकवला. "बसा."

मी वहाणा काढल्या आणि बसलो. विणकामशाळेत कांड्या भरायचे काम आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना देत असू. मला ते काम सोडून सहा वर्षे झाली होती. नरसम्माने लडी कशी अडकवायची ते कोपराने दाखवले. मी रहाट फिरवला. धागा ताणला गेला, कांडीवर दोन वेढे बसले, आणि तुटला. मी सांधला. पुन्हा फिरवला.

"लई घाई करताय," ती म्हणाली. "हळू फिरवा."